अक्कांना न दिलेली सही

शालिनीअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये एका दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. फोन त्यांच्या भाचीचा, मेघनाचा होता. "काका, आत्या गेली. डायलिसिसला न्यायचं म्हणून सकाळी उठवायला गेले तर..." मी "निघालोच" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि उठायच्या ऐवजी तसाच बसून राहिलो. त्या मिनिटभरात माझ्या मनात जे आलं ते लिहायला हात कचरतो, पण ते टाळून बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मनात आलं, आता ती सही मला कुणी मागणार नाही. सुटलो, असंच वाटलं. रिक्षात बसल्यावर रडू आलं, पण ते नंतर.

सही कसली ते आधीच सांगून टाकतो. आमच्या खात्यात रेणुका नावाची एक भांडारपाल होती. तिला नोकरीतून काढून टाकलं. ते अन्यायानं झालं, आणि त्यात अक्कांची एक चूक होती, तशी माझीही. रेणुकानं दाद मागितली तेव्हा अक्कांना माझी साक्ष हवी होती, एका कागदावर, सहीनिशी. मी दोन वर्षं "बघू, अक्का" म्हणत राहिलो. अक्का गेल्यावर आमच्या कर्मचारी संघटनेनं शोकसभा घेतली, मोठा फोटो लावला, कन्नडात आणि इंग्रजीत भाषणं झाली. कुणी त्यांना झुंजार म्हणालं, कुणी आई म्हणालं. रेणुकाचं नाव एकानंही घेतलं नाही. मीही बोललो त्या सभेत, आणि मीही घेतलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. खात्याचं नाव देत नाही. सरकारी दवाखान्यांना औषधं पुरवणारं एक भांडार, त्याची गोदामं आणि वर एक मुख्य कार्यालय, एवढं वाचणाऱ्याला पुरे.

मी मूळचा खानापूरचा. बेळगावहून बदली होऊन बंगळूरला आलो आणि दोनच महिन्यांत एक फाइल हरवल्याची नोटीस माझ्या हातात पडली. मी घाबरून चार पानी खुलासा लिहिला. आईचं आजारपण, भाड्याच्या खोलीतली गळती, बदलीची दगदग, सगळं त्यात होतं. दुपारी बायकोशी फोनवर मराठीत बोलत होतो, तेव्हा मागच्या टेबलावरून आवाज आला, "कुठलं गाव रे तुझं?" खानापूर म्हटल्यावर, "मग असा तोंड पाडून काय बसलास? आण इकडं तो कागद." या शालिनीअक्का. निपाणीच्या, तेव्हा चाळिशीच्या, लघुलेखक म्हणून लागलेल्या आणि संघटनेच्या सहचिटणीस. त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली आणि चष्मा काढला. "नोटिशीला उत्तर द्यायचं असतंय, आत्मचरित्र न्हाई. विचारलंय काय? फाइल कुठं हाय. तुझ्याकडं हाय? न्हाई. मग तेवढंच लिही की. तुझ्या खोलीत पाणी गळतंय ते सायबाला कशाला सांगालास?" माझा खुलासा अडीच ओळींचा झाला. फाइल पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच एका कपाटात सापडली. मी त्याच दिवशी संघटनेचा सभासद झालो. कृतज्ञतेपोटी नव्हे, खरं सांगायचं तर धास्तीपोटी. ही बाई आपल्या बाजूला असलेली बरी, असं वाटलं.

संघटना म्हणजे घोषणा आणि झेंडे अशी माझी समजूत होती. आमच्याकडे घोषणा क्वचित, फार तर एखाद्या अधिवेशनाच्या वेळी. बाकी वर्षभर संघटनेच्या जिन्याखालच्या खोलीत चालायचं ते काम निराळंच होतं. कुणाची वैद्यकीय रजा नामंजूर झालेली असायची. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला आणि हिची बदली कलबुर्गीला. आणि मग आरोपपत्रं. आरोपपत्रं अक्कांकडे. खातेनिहाय चौकशीत आरोप असलेल्या माणसाला आपल्या बाजूनं बोलायला एक सहकारी बरोबर नेता येतो, असा नियम आहे. पुष्कळांना तो माहीत नसतो आणि वरचे लोक आपणहून सांगत नाहीत. अक्का वीसेक वर्षं ते काम करत होत्या. शिपाई, चालक, भांडारपाल, कारकून... ज्याच्यावर कागद आला तो पहिला अक्कांकडे यायचा, मग घरी जायचा.

त्यांची एक पद्धत होती आणि मी दुसरीकडे कुठेही ती पाहिलेली नाही. चौकशीच्या आधीच्या रविवारी त्या माणसाला जे. पी. नगरच्या आपल्या घरी बोलवायच्या. उप्पीट-कॉफी झाली की जेवणाचं टेबल मोकळं करायचं आणि चौकशीची तालीम सुरू. चौकशी अधिकारी मी. "तुझं तोंड मूळचंच चिडक्या सायबासारखं हाय, तुला वेगळं काही करावं लागत न्हाई," असं त्या म्हणायच्या आणि दर वेळी स्वतःच हसायच्या. मी आवाज चढवायचा, वाक्य अर्ध्यावर तोडायचं, "हो की नाही एवढंच सांगा" म्हणून दरडावायचं. एका चालकाला मी असा काही धारेवर धरला की तो उठला आणि माझी कॉलर धरली. अक्कांनी त्याला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, इथं धरलीस. तिथं हात मांडीखाली घालून बस." त्याच्यावर ड्यूटीवर पिऊन आल्याचा आरोप होता, आणि तो खरा होता. परत निघताना मी कुरकुरलो, असल्यांना कशाला वाचवायचं म्हणून. तेव्हा अक्का पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "त्यानं केलंय तर शिक्षा होऊ दे की. मी कुठं अडवालेय? पण त्याला काय म्हणायचं हाय ते ऐकून होऊ दे. न ऐकता न्हाई." चालकाला शिक्षा झाली, नोकरी राहिली. अक्कांनी त्याला व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात स्वतः नेऊन सोडलं आणि महिनाभर त्याच्या बायकोला रोज फोन केला. पुढे तो एवढा सुधारला की आम्हालाच उपदेश करायला लागला. ते जरा जडच गेलं.

एवढी कागदाची पक्की बाई, पण आमचं अर्धं काम कागदावर व्हायचंच नाही, हेही सांगायला हवं. ते व्हायचं तोंडी. साहेबांच्या खोलीत, दार लोटून, पाच मिनिटांत. "अक्का, त्याला माफीनामा द्यायला सांगा, मी ताकीद देऊन सोडतो." साहेबांनी शब्द दिला की अक्का बाहेर येऊन माणसाला सांगायच्या, तो माफीनामा लिहायचा, आठवड्यात फाइल बंद. लांबलचक चौकशी टळायची, निलंबन टळायचं, सगळ्यांनाच ते बरं पडायचं. आमचे तेव्हाचे उपसंचालक तर अक्कांना मानणारे. तरुणपणी त्यांच्यावरही एकदा बालंट आलं होतं आणि त्या वेळी त्यांचे कागद अक्कांनीच लावून दिले होते. ते अक्कांना खुर्ची दिल्याशिवाय बोलत नसत. त्यांचा शब्द आजवर कधी फिरला नव्हता, आणि म्हणूनच आम्ही तो कधी लिहून मागितला नाही. त्या खोलीत असं मागणं म्हणजे अपमान समजला जाई.

रेणुका हावेरीकडची. नवरा खासगी कंपनीत सुरक्षारक्षक, मुलगी तेव्हा दहावीत. तिच्याकडे लसी आणि इंजेक्शनं ठेवायची थंड खोली होती. तिथला जनरेटर आचके देत चालायचा. रेणुकानं त्याबद्दल वर दोनदा लिहून कळवलं होतं, त्याच्या पोचाही तिच्याकडे होत्या. एका शनिवारी दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, आणि सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आतलं सगळं वाया गेलेलं. वर्तमानपत्रात बातमी आली. बातमी आली की कुणाला तरी धरावं लागतं, आणि जनरेटरच्या दुरुस्तीची फाइल ज्यांच्या टेबलावर पडून होती त्यांना धरणं अवघड होतं. आरोपपत्र रेणुकाला मिळालं.

ती आली ती दोन्ही पोचा पिशवीत घेऊनच. अक्कांनी त्या बघितल्या आणि म्हणाल्या, "केस चांगली हाय." मला वाटलं, येत्या रविवारी मला पुन्हा साहेब व्हायचं आहे. पण गुरुवारी उपसंचालकांनी बोलावलं. अक्का मला बरोबर घेऊन गेल्या. मी त्या खोलीत होतो. हे वाक्य मी दोन वर्षं गिळत आलो, म्हणून इथं स्पष्ट लिहितो. मी त्या खोलीत होतो, अक्कांच्या मागे दोन पावलांवर, आणि उपसंचालक जे म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "अक्का, चौकशी लावली तर दोन वर्षं जातील, ती निलंबनात कुजेल. जनरेटरचं काढलं तर वरपर्यंत जाईल, मग मलाही काही करता येणार नाही. तिला चूक मान्य करायला सांगा. एक वेतनवाढ रोखतो, पंधरा दिवसांत कामावर घेतो. माझा शब्द." अक्का म्हणाल्या, "सरी, सर." ठीक आहे, सर. आणि आम्ही बाहेर आलो.

रेणुका तयार नव्हती. जिन्याखालच्या खोलीत ती एकच गोष्ट सांगत राहिली... मी कळवलं होतं, माझ्याकडे पोच आहे, मग मी चूक कशी मान्य करू? तिचं सगळं बोलणं कन्नडात, आणि अक्का तिला कन्नडातच समजावत होत्या, लहान बहिणीला समजवावं तसं. मुलीचं दहावीचं वर्ष आहे. दोन वर्षं घरात बसून तू वेडी होशील. एक वाढ जाईल, नोकरी राहील. मीही री ओढली. मी तर म्हणालो, "अक्कांनी आजवर कुणाला बुडवलंय का?" अर्धा-पाऊण तास असा गेला. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर सरी." तो कबुलीजबाब मी टाइप केला. सगळा दोष माझा, माझ्या निष्काळजीपणामुळे झालं, असं त्यात मीच लिहिलं, कारण उपसंचालकांना तसंच हवं होतं. जनरेटरबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. सही करताना रेणुका कागदाकडे बघत नव्हती, अक्कांकडे बघत होती. त्या रविवारी जे. पी. नगरला तालीम झाली नाही. गरजच नव्हती.

दहा-बारा दिवसांत उपसंचालकांची बदली झाली. सरकारी खात्यात बदली अचानकच होते, त्यात नवल नाही, आणि आम्हीही सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. नव्या साहेबांनी फाइल उघडली, त्यात त्यांना सहीनिशी कबुली मिळाली. आरोप मान्य असला की चौकशीची गरजच उरत नाही, हा नियम अक्कांनी मला शिकवलेला. नव्या साहेबांना तो आधीपासूनच पाठ होता. रेणुका बडतर्फ झाली. अक्कांनी आदेश दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "माधवा, रिक्षा बघ." आम्ही जुन्या साहेबांच्या नव्या कार्यालयात गेलो. त्यांनी आम्हाला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि म्हणाले, "अक्का, मी असं काही बोललो असेन तर ते सर्वसाधारण बोललो असेन. मला यात ओढू नका." अक्कांनी कॉफी घेतली नाही. मी घेतली. का घेतली कोण जाणे... समोर आली म्हणून घेतली.

त्यानंतरच्या अक्का मला आधीच्या वाटत नाहीत. खात्यातलं अपील फेटाळलं गेलं, प्रकरण न्यायाधिकरणात न्यायचं ठरलं, आणि तेव्हा अक्कांनी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितलं की कबुली संघटनेच्या सल्ल्यानं दिली गेली, साहेबांच्या तोंडी आश्वासनावर दिली गेली, हे मी लिहून देणार आहे. अध्यक्ष तसा वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "अक्का, हे लिहिलंत तर उद्या आपल्या शब्दावर कोण सही करेल? आणि कुठला अधिकारी आपल्याशी मोकळं बोलेल? एका रेणुकासाठी बाकीच्यांचं दार बंद करायचं का?" त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हीच तर त्यातली वाईट गोष्ट आहे. त्या दारातून माझाही फायदा झाला होता. अक्का म्हणाल्या, "तिला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांत आधी मीच ऐकलं न्हाई. साहेबांचं न ऐकणं नंतर." ठराव मताला टाकला गेला, संघटनेनं यात पडू नये असा. हात वर झाले. मी हात वर केला नाही, आणि विरोधातही केला नाही. सभावृत्तांतात माझी नोंद 'तटस्थ' अशी आहे. अक्कांनी त्याच बैठकीत पदाचा राजीनामा दिला आणि आपली कागदांची पिशवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्यामागून कुणीच गेलं नाही.

निवृत्ती जवळच होती, तीही झाली. मूत्रपिंडांनी त्याच सुमारास दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि उरलेल्या दिवसांत रेणुकाचं प्रकरण. त्यांनी आपलं प्रतिज्ञापत्र करून दिलं. रेणुकाचे वकील म्हणाले, हे चांगलं आहे, पण सल्ला देणारी बाई आता आपली चूक सावरायला असं म्हणतेय, असं सरकारी बाजू म्हणेल. खोलीत आणखी कुणी होतं का? होतं.

अक्कांनी मला मिनी फॉरेस्टजवळच्या एका दर्शिनीत बोलावलं. असल्या हॉटेलात बसायला जागा नसते, कॉफी उभ्या-उभ्याच घ्यायची. "माधवा, तू होतास तिथं." मी म्हटलं, होतो. "मग तेवढंच लिही. होतो आणि ऐकलं. जास्त काही नको." मी म्हटलं, अक्का, माझं अधीक्षकपदाचं नाव वर गेलंय, अजून हेच नवे साहेब बसलेत, मार्चपर्यंत जरा... बघू. त्या म्हणाल्या, "बघ." बस, एवढंच. मला वाटलं होतं त्या चिडतील, मला चार शब्द सुनावतील. तसं झालं असतं तर मीही उलट काही बोलून मोकळा झालो असतो. मार्चमध्ये माझी बढती झाली. सभासदांनी हार घातला. संध्याकाळी अक्कांचा फोन आला, "अभिनंदन की रे. पेढे घेऊन ये." मी पेढे घेऊन गेलो. त्या दिवशी त्यांनी सहीचं काढलंच नाही. तरी मी पाच मिनिटांत उठलो. दुसऱ्यांदा त्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी मुलाच्या लग्नाची गडबड सांगितली. लग्न खरंच होतं, पण सहीला लागतो किती वेळ?

माझा मुलगा मारतहळ्ळीला राहतो. त्याच्या सोसायटीच्या खाली इस्त्रीचं दुकान आहे. एकदा त्याचे शर्ट आणायला म्हणून मी खाली उतरलो, तर आत टेबलाशी रेणुका. हातात इस्त्री, केस मागे बांधलेले, चेहरा घामानं डबडबलेला. मला वाटलं, तिनं ओळखलं नाही. तिनं शर्टांचा गठ्ठा कागदात बांधला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "सर, अक्का हेगिद्दारे?" अक्का कशा आहेत, एवढंच. ठीक आहेत, म्हणालो. ती म्हणाली, अक्का अधूनमधून येतात इथं, बसतात थोडा वेळ, मी काम करते. मुलीचं विचारायचं मला सुचलं नाही. नंतर कळलं की मुलीनं कॉलेज अर्धवट सोडलं आणि ती एका कॉल सेंटरला लागली. त्यानंतर मी मुलाकडे गेलो की मागच्या फाटकानं जायचो. शर्ट आणायला सुनेला पाठवायचो. असा मी.

शेवटची भेट दवाखान्यात झाली, त्या जाण्याच्या तीन आठवडे आधी. डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या अक्का खूप लहान दिसत होत्या. नळ्या, यंत्राची घरघर, शेजारच्या खुर्चीतले आजोबा झोपलेले. थोडं इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "माधवा, मी चुकले ते मी लिहून दिलंय. ते माझं झालं. तू चुकलास असं मी म्हणत न्हाई. तू फक्त होतास." मी म्हटलं, अक्का, पुढच्या आठवड्यात नक्की. "सरी," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. माझाही नव्हता. पुढचा आठवडा आला आणि गेला, त्याच्या पुढचाही.

तेराव्या दिवशी जेवणं झाल्यावर वकिलांचा फोन आला. ते सरळ मुद्द्यावर आले. अक्कांचं प्रतिज्ञापत्र आता पूर्वीइतकं कामाचं राहिलेलं नाही, कारण त्यांना उलट प्रश्न विचारता येणार नाहीत आणि सरकारी बाजू याच मुद्द्यावर बोट ठेवणार. "तेव्हा तुमचं असतं तर दोन्ही एकमेकांना धरून उभी राहिली असती. आता तुमचं एकट्याचं. द्यायचं असेल तर या आठवड्यात द्या." मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि जाऊन सही केली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसलं काही झालं नाही. वीस मिनिटं, एवढंच डोक्यात राहिलं.

सुनावणीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "हे गृहस्थ दोन वर्षं कुठे होते? सल्ला देणाऱ्या बाई वारल्या, त्यांना आता काही विचारता येत नाही, आणि आता यांना आठवतंय." त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. भीत होतो, साहेब, म्हणून. बढती हवी होती. पण मला कुणी विचारत नव्हतं, आणि मागच्या रांगेतून उठून बोलायची तिथं पद्धत नाही. पुढची तारीख पडली. निकाल काय लागेल ते वकीलही सांगत नाहीत. फार आशा धरू नका, एवढं म्हणाले. पुढच्या तारखेला मी असेन, रजेचा अर्ज दिला आहे. कार्यालयात आता माझ्याशी दोन-तीनच जण बोलतात, त्यात तो चालक एक.

त्या दिवशीची एक गोष्ट राहिली. सुनावणीआधी मी बाहेरच्या लांब पडवीत पोचलो तेव्हा रेणुका भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. कामावरून थेट आली होती. बाकाच्या एका कडेला ती, आणि शेजारच्या जागेवर तिची पिशवी. बाकी सगळे बाक भरलेले. मी जवळ गेलो, नमस्कार केला, आणि ती पिशवी उचलेल म्हणून थांबलो. तिनं ती उचलली नाही. पिशवीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अक्का इल्ले कूत्कोतिद्रु." अक्का इथंच बसायच्या. मग मला समजावं म्हणून असेल, तिनं सांगितलं... प्रत्येक तारखेला, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा, अक्का अर्धा तास आधी येऊन तिच्या शेजारी बसायच्या. बोलायच्या नाहीत फारसं. आत जायची हाक आली की आधी त्या उठायच्या. हे मला माहीतच नव्हतं, कारण दोन वर्षांत मी एकाही तारखेला तिथं गेलो नव्हतो. मी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला. रेणुकानं शेजारच्या जागेकडे एकदा बघितलं, थोडी थांबली, आणि मग उठली.